या आठवड्यात एकही दिवस रिकामा नाही

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पुण्याहून पोराचा फोन येतो. चहा झाला का, बीपीची गोळी घेतली का, हे दोन प्रश्न उरकले की तो तिसरा विचारतो, "मग बाबा, या आठवड्यात काय?" आणि मी सुरू होतो. सोमवारी शाळेत डोळे तपासणी शिबिर. मंगळवारी पेन्शनरांची बैठक. बुधवारी बालाजीच्या देवळात कीर्तन. गुरुवारी बीबी गावाला सप्त्याच्या काल्याची पंगत, जायला दुपारची गाडी आहे. शुक्रवारी हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर मार्गदर्शन. माझ्या नावावर एक गुंठाही शेत नाही, पण खुर्च्या चांगल्या असतात म्हणे. शनिवारी एक लग्न, एक मुंज. ऐकता ऐकता तो हसतो. "तुमचं देऊळगाव राजा म्हणजे पुण्याच्या वर गेलं."

एसटीत माझी सगळी नोकरी झाली, शेवटची काही वर्षं इथल्याच बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. जालन्याची गाडी कुठे लागली, बुलढाण्याची किती उशिरा आहे, हे माइकवर सांगून सांगून जिभेला याद्या वाचायची सवय लागलेली. त्यामुळे आठवड्याची यादी मला जड जात नाही. शनिवारी संध्याकाळी चौकात जायचं, बॅनर वाचायचे, पेपरातून पडलेली पत्रकं जमवायची, भोंगा लावलेली रिक्षा गेली की कान द्यायचा. सगळं वहीत उतरवून ठेवायचं. एकदा श्रद्धांजली सभेचा बॅनर घाईत वाढदिवसाचा समजून लिहून आणला होता. पोराला फोनवर तसाच सांगितलाही.

खरी गोष्ट अशी की यातल्या निम्म्या ठिकाणीही मी जात नाही. जातो तिथे मागे, चपलांजवळ बसतो आणि आरतीच्या आत उठतो. बायको गेली त्याला तीन वर्षं होतील. ती असताना आमच्या घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. ती गेल्यावर कळलं की गावात माझी ओळख सगळ्यांशी आहे, पण मैत्री कोणाशीच नाही. सुरुवातीला पोरगा विचारायचा, "दिवस कसा जातो?" मी म्हणायचो, "जातो." मग तिकडे त्याचा आवाज इतका उतरायचा की मलाच कसंतरी व्हायचं. एका रविवारी समोर पडलेलं पत्रक वाचून दाखवलं आणि त्याचा आवाज फुलला. तेव्हापासून हे चालू आहे. बापाने पोराला खोटं बोलू नये म्हणतात. पण पोराने काळजी करू नये म्हणून बोललं तर पाप अर्धं लागत असावं.

दिवाळीनंतर त्याने सांगितलं की तो फ्लॅट बघतोय. दोन नजरेत होते. एक टू बीएचके, ऑफिसच्या जवळ. दुसरा जरा लांब, पण तिथे तिसरी खोली होती. तिसरी कोणासाठी, ते तो बोलला नाही. मागून सुनेचा आवाज आला, "बाबांना विचारलं का?" आणि तो म्हणाला, "या महिन्यात जाणार आहे ना, तेव्हा बोलू."

मला त्या खोलीत जायचं होतं. हे मी आता सरळ लिहितो, तेव्हा तोंडातून निघालं नाही. मागितल्याशिवाय आईही वाढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा. त्याने एकदा "चला" म्हणावं, मी दोनदा "नको" म्हणावं, आणि तिसऱ्यांदा पिशवी भरावी, एवढंच माझ्या मनात होतं. त्या तीन-चार आठवड्यांत मी दोन स्वेटर धुऊन वाळवून ठेवले.

तो यायच्या दोन दिवस आधी शेजारचा भाई दारात आला. शिलाई मशीन दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे, भिंतीला भिंत लागून घर. "साहेब, पोरीचं लगन हाय रविवारी. पोरगा येऊन राह्यला म्हनते. चूलबंद आवतन हाय बरं, दोघंबी या."

आमच्याकडे जेवायला बोलावण्याचे प्रकार असतात. घरातल्या एका माणसाला बोलावलं तर ते नुसतं आवतन. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. बायको होती तोवर आम्हाला चूलबंद असायचं. ती गेल्यावर लोक म्हणू लागले, "साहेब, जेवाले या." त्यात कोणाचा काही वाईट हेतू नव्हता. एका माणसाच्या घरी चूलबंद म्हणायचं तरी कसं? पण तो शब्द दारातून बंद झाल्याचं मला लागलं होतं. त्या दिवशी तो पुन्हा ऐकला आणि भाई गेल्यावर मी उगाच गॅसचं बटण पुसत बसलो.

पोरगा शनिवारी आला. लॅपटॉप बाजूला ठेवून माझ्याजवळ बसला, कपाटात गोळ्या बघितल्या, फ्रिज उघडून बघितला. त्यात लिंबू आणि दूध होतं. "बाहेर खाता का?" मी म्हटलं, "आमंत्रणंच इतकी असतात." वही टेबलावर होती. ती त्याने चाळली आणि मान डोलावली. मी ती मुद्दाम ठेवली होती की विसरलो होतो, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

रविवारी दुपारी आम्ही लग्नाला गेलो. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांसाठी भाईने वेगळा आचारी लावला होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. पोरगा माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. भाई वाढत वाढत आमच्यापर्यंत आला, बट्टीवर तुपाची धार सोडली आणि पोराला म्हणाला, "भाऊ, बाबाची फिकर करू नोका. साहेबाबिगर या गल्लीत पान हालत नाही. कुठं ना कुठं पोग्राम असतेच. भेटाले यावं तं हप्ता हप्ता सापडत नाही."

भाई दोन-तीनदा दार वाजवून गेला होता, ते खरं. मी आत पलंगावर होतो. उठून दार उघडायचं, या बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, हे काही जमेना म्हणून पडून राहिलो होतो. कडी आतून होती, हे भाईला कसं दिसणार? बिचारा भल्यासाठीच बोलला. समोरच्या पंगतीतले एक निवृत्त मास्तरही म्हणाले, "हाव, फार हौशी मानूस." मला थांबवता आलं असतं. मी काय केलं? "येत्या गुरुवारी लोणारला जायचं चाललंय आमचं," असं स्वतःहून जोडून दिलं.

परत येताना पोरगा हळू चालत होता. गल्लीच्या वळणावर थांबला. "बाबा, एक खरं सांगा. एकटं वाटतं का इथं?"

मी याच प्रश्नाची महिनाभर वाट बघत होतो. उत्तरही तयार होतं, ते एका शब्दाचं होतं. त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे बापासाठीची धास्ती स्पष्ट दिसत होती, आणि माझ्याच्याने ती बघवली नाही.

"एकटं वाटाले टाइम कुठं आहे बे?"

तो मोठ्याने हसला. त्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी गाडीत बसताना त्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मी उगाचच काय काय डोक्यात घेतलं होतं." काय घेतलं होतं ते मी विचारलं नाही.

बुधवारी फोन आला. "बाबा, टू बीएचके फायनल केला. तुम्हाला इथे आणून चार भिंतींत कोंडायचं म्हणजे पापच की."

"बेस केलं," मी म्हटलं. "रिकामी खोली झाडत कोन बसते?"

मग सुनेने फोन घेतला. तिचा आवाज जरा बसलेला होता. "बाबा, मी तिसऱ्या खोलीसाठी शेवटपर्यंत मागे लागले होते. पण हे म्हणाले, बाबा गाव सोडून यायचेच नाहीत. मला अजूनही वाटतं, तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं."

ती वाट बघत होती.

"बरोबर वळखलं त्यानं," मी म्हटलं.