बसव्वाअक्का आणि काचेतलं पावणं

उचगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या बसव्वाअक्का मूळच्या कुरुंदवाडच्या. गळ्यात इष्टलिंग, आणि अंघोळ-पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाहीत. त्यांचे यजमान रुद्राप्पा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लाकडी साचे करायचे. माणूस कमालीचा अबोल. तीस वर्षांच्या संसारात गरजेपलीकडचा शब्द ऐकला नाही, असं अक्काच सांगायच्या.

१९९९ साली रुद्राप्पांनी काचेची मोठी टाकी आणली आणि तिच्यात बोटाएवढा ऑस्कर जातीचा मासा सोडला. काळा, अंगावर शेंदरी डाग. वर्षभरात तो वीतभर झाला. मग गंमत अशी झाली की हे अबोल गृहस्थ कामावरून आले की टाकीसमोर बसून विचारायचे, "काय पावणं, जेवलासा का न्हाई?" मासा धावत येऊन काचेला तोंड लावायचा. अक्का आतून ऐकायच्या. बायकोशी बोलायला शब्द नाहीत आणि मुक्या माशाशी गप्पा, याचा त्यांना मनातून राग होता.

२००३च्या दिवाळीनंतर रुद्राप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. खाट सोप्यात, टाकीसमोर घातली. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं अक्कांवर आलं. त्या धावपळीत जाता-येता टाकीत चार दाणे टाकायच्या, एवढंच. दर रविवारी रुद्राप्पा टाकीतलं पाणी बदलायचे, ते कशासाठी, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

फेब्रुवारीत रुद्राप्पा डावा हात उचलून घशातून आवाज काढू लागले. अक्कांनी तांब्या पुढे केला की तोंड फिरवायचे. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी अक्कांनी त्या हाताच्या रोखानं पाहिलं. मासा कोपऱ्यात तळाशी पडला होता. रंग राखेसारखा, आणि डोक्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे.

कागलला दिलेली मुलगी दानेश्वरी त्या दिवशी आली होती. ती म्हणाली, "अव्वा, तुझ्या जिवाला किती ताप? दे त्याला रंकाळा तळ्यात सोडून."

रुद्राप्पांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे मान वळवली. अक्कांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला खाटेपाशी बसवून त्या शहरात मासे विकणाऱ्या जोतीरामच्या दुकानात गेल्या.

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. "अक्का, पाणी कवापासनं बदललं न्हाई?"

"दिवाळीपासनं."

"घाण पाण्यानं डोस्क्याला भोकं पडत्यात. एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदला. आन् ही जुलाबावरची गोळी. पाण्यात घालून फार गुण यायचा न्हाई, पोटात जायला पायजे. कोळंबीत भरून चारा."

"आमच्या घरात तसलं येत न्हाई."

"ठावं हाय की. चार वर्सं रुद्राप्पाआण्णा हितं येत हुते. मी दर खेपेला सांगायचो, ह्याला कोळंबी चारा, रंग बघा कसा खुलतोय. ते म्हणायचे, आमच्या मंडळींना चालायचं न्हाई. दाणं न्यायचे, मटार उकडून घालायचे. कोळंबी कधी न्हेली न्हाई."

अक्का दुकानातल्या बाकावर टेकल्या. आपलं सोवळं त्या माणसानं चार वर्षं न बोलता सांभाळलं होतं, आणि आपण मात्र त्याला आपलं काही पडलेलंच नाही असं धरून चाललो होतो. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

आधी त्यांनी गोळी पाण्यातच घालून पाहिली. रोज बादल्या उपसल्या. मासा निपचितच. सहाव्या दिवशी त्या पुन्हा जोतीरामकडे गेल्या आणि कागदात गुंडाळलेल्या सोललेल्या कोळंब्या घेऊन आल्या. परसात दगडावर बसून, पदर नाकाला लावून, वेगळ्या ठेवलेल्या चाकूनं त्यांनी कोळंबी चिरली आणि गोळीची पूड आत भरली.

सोप्यात आल्या तसं रुद्राप्पांना वास आला असावा. त्यांनी डावा हात जोरजोरात हलवला. नको, नको. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"गप पडा हो," अक्का म्हणाल्या, "मी परत अंघोळ करीन."

माशानं घास तोंडात घेतला आणि थुंकला. अक्कांनी परत पुढे केला. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून त्या तासभर उभ्या होत्या. तो दिवस फुकट गेला, दुसराही. तिसऱ्या दिवशी त्यानं गिळलं.

त्यातच दुपारची वीज जायला लागली. हवेचा पंप बंद पडला की मासा वर येऊन तोंड उघडमीट करायचा. मग अक्का टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून वरून धार धरायच्या, वीज येईपर्यंत. खांदे भरून आले की मी तांब्या घ्यायचे. अशी धार धरता धरता त्या नवऱ्याला काहीबाही सांगू लागल्या. माहेरच्या घाटाचं, नदीला आलेल्या पुराचं, लग्नात हरवलेल्या जोडव्याचं. रुद्राप्पा टक लावून ऐकायचे. ऐकताना कधी हसायचे, तेव्हा तोंड एकाच बाजूनं हलायचं.

चैत्र सरता सरता माशाचा रंग परतला. खड्डे भरले, वण राहिले. मठातल्या अय्यांना, म्हणजे स्वामींना, अक्कांनी सगळं खरं सांगितलं. ते काय म्हणाले, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कोळंबी मात्र आठवड्यातून एकदा चालू राहिली.

रुद्राप्पा पुढच्या वर्षी श्रावणात गेले. दानेश्वरीनं आईला कागलला बोलावलं, जोतीराम टाकी न्यायला तयार होता. अक्का म्हणाल्या, "बघू," आणि उचगावातच राहिल्या. मासा आणखी दोन वर्षं जगला. त्याच्या म्हातारपणी त्याला एका डोळ्यानं दिसेना, तेव्हा अक्का घास त्याच्या दिसत्या बाजूला धरायच्या.