सुरतेला न्हाय, जेलात हाय

त्या दिवशी ओटीवर आम्ही पाच जणं व्हतो. मी, माझी सून, धाकटा दीर, शेजारची मावशी आणि कोर्टाकडून आलेली बाई.

माझा लेक राहनाळला गोदामात हमाली करायचा. तिथून कापडाचे तागे चोरीला गेले, त्यात त्यालापण धरला. चोरी केली का न्हाय ते कोर्ट ठरवंल. पण तारखा पडत ऱ्हायल्या नि हा आतच. भेटायला गेले तर बोलला, आये, एका कुशीवर निजतो, वळायला जागा न्हाय.

मंग वकील बोलले, जामिनाच्या पैशाबिगर, नुसत्या त्याच्या सहीवर जज सोडतील. पण तो हितला हाय, पळणार न्हाय, हे शेजारपाजाऱ्यांनी सांगायला पायजे. तेच विचारायला ती बाई आलती.

इकडं दिराच्या पोरीचं लगीन ठरत व्हतं. म्हणून दिरानं आळीत सांगून ठेवलेलं, कोणी विचारलं तर तो सुरतेला हाय बोला. पोलीस दिवसाढवळ्या घेऊन गेलते, सगळ्यांनी बघितलं व्हतं. तरी माझ्या तोंडाकडं बघून सगळे सुरतच बोलायचे.

बाईनं बसल्या बसल्या मावशीला विचारलं, हा हितं राहतो का? मावशीला वाटलं, ही सोयरिकीकडची.

"न्हाय बाई, तो सुरतेला असतो. लूमवर मुकादम झालाय. दिवाळीलापण येत न्हाय."

बाई लिहायला लागली. सून पदर तोंडाला लावून उभी. मी भातात राबले, वीटभट्टीवर राबले, कोणापुढं मान खाली घातली न्हाय. त्या दिवशी जमिनीकडं बघून बोलले, "तो जेलात हाय. एरवी हितंच राहतो, ह्याच घरात."

बाई हळू बोलली, आईचं एकटीचं चालत न्हाय, दुसऱ्या कोणीतरी सांगायला पायजे.

मावशी माझी लाज राखायला गेली नि तीच लाजली. दिराकडं तर मी बघितलंच न्हाय. त्याच्या पोरीचं लगीन, कुठल्या तोंडानं मागू?

पण तोच बोलला, "माझा पुतण्या हाय. तारखेला मी घेऊन येईन."

तशी मावशी बोलली, "मुकादम न्हाय ओ तो. हमाल हाय. हितलाच हाय."

लेक सुटला. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी देतो, तारखेला काकाबरोबर जातो. जेलाचं सोयऱ्यांच्या कानावर गेलं नि ती सोयरीक मात्र मोडली. दीर मला एका शब्दानं बोलला न्हाय. त्याची पोर पाण्याला येते तवा मी आत जाते. तिच्यापुढं उभं ऱ्हावत न्हाय.

तुमच्या आळीत कोणी असं विचारायला आलं तर झाकू नका. माणूस हितला असंल तर हितला हाय, एवढं सांगा.