ओयुनचा शहाणपणा

ओयुन म्हणजे त्या माळरानाच्या बोलीत अक्कल. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं आणि पोरीनं ते जन्मभर मनावर घेतलं. घोड्यांचं दूध काढणं, लोकरीचे जाड नमदे थापणं ही कामं ती करायचीच, पण तिचा खरा उद्योग एकच, नवऱ्याला शहाणं करणं. नवरा तोगान हा बुर्गुद सरदाराच्या घोड्यांचा राखणदार. गरीब गाय. बोलायची वेळ आली की तोंडात मूग.

ओयुनच्या पोटात दुखायचं ते बहिणीमुळे. बहिणीचा नवरा कालपरवापर्यंत मेंढ्यांमागे हिंडत होता, तो त्या नव्या खानाला जाऊन मिळाला. हा खान म्हणजे बाप मेल्यावर भाऊबंदांनी वाऱ्यावर सोडलेलं पोर. मानेत लाकडी खोडा घालून फिरवला होता त्याला. आता एकेक टोळी त्याच्यापुढे नाक घासत होती आणि बहिणीचा नवरा शंभर स्वारांचा नायक झाला होता. बहीण मेली मुद्दाम रेशमी अंगरखा घालून यायची.

"ज्याला मेंढा आणि बोकड यांतला फरक कळत नव्हता, तो नायक," ओयुन करवादायची. "आणि तुम्ही? विंचरा दुसऱ्याच्या घोड्यांची शेपटं!"

"सरदाराचं मीठ खाल्लंय गं," एवढंच तोगान म्हणायचा.

मग बुर्गुद सरदार खानाशी लढला आणि सपाटून हरला. त्याची बायको सुबुद खातून छावणीतच पकडली गेली. सरदार डोंगरातल्या रानात लपला, आणि त्याच्यासोबत उरली ती ही दोघंच. खानाचे स्वार खाली दरी पिंजून काढत होते. ओयुनच्या डोक्यात किडा वळवळला.

"आपणच याला बांधून नेऊ," ती कुजबुजली. "खान तुम्हाला हजारांचा नायक करील."

"धन्याला बांधू? वेड लागलं का तुला?"

"हरलेला कसला धनी! जन्मात एकदा तरी मर्दासारखं वागा. नाहीतर मी चालले दुसऱ्याच्या तंबूत."

पाच-सहा दिवस तिनं त्याला असं पोखरलं. शेवटी सरदार झोपलेला असताना तोगाननं त्याला बांधलं. सरदार जागा झाला, बघत राहिला. वाटेत एकदाच म्हणाला, "दोर जरा सैल कर, बाबा. हाताला मुंग्या आल्यात." तोगाननं रडत रडत सैल केला.

खानाच्या छावणीत त्यांना न्यायाधिकाऱ्यापुढे उभं केलं. ओयुन अंगरखा सावरून बक्षिसाची वाट बघत होती. सगळ्या माळरानाला जे ठाऊक होतं ते या शहाणीला ठाऊक नव्हतं. धनी शत्रू असला तरी त्याला धरून देणारा चाकर खानाला नको होता. आज त्याच्यावर हात टाकला, उद्या माझ्यावर टाकेल, असं त्याचं रोकडं गणित.

"या चाकराची मान उडवा," अधिकारी म्हणाला. "आणि ज्यानं सल्ला दिला त्याचीही. बोल, सल्ला कुणाचा?"

ओयुन एक पाऊल मागं सरली. तोगाननं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"माझाच," तो म्हणाला. "बायकोला पत्ता असता तर तिनं मला लाथांनी तुडवलं असतं."

लोक हसले. ओयुनला ओरडायचं होतं, पण जीव प्यारा असतो हो. सरदाराच्या डोळ्यांदेखत तोगानची मान उडवली, आणि खानाचा न्याय बघून लोकांनी माना डोलावल्या. संध्याकाळी सरदारालाही मारलं. खानदानी माणूस, त्याचं रक्त जमिनीवर सांडू नये म्हणून नमद्यात गुंडाळून मारलं, एवढाच काय तो मान. म्हणजे ज्याचा घात केला म्हणून एकाला मारलं, त्यालाही मारलंच. जळो तो न्याय!

दोघी विधवांना एकाच बैलगाड्यावर घालून कुठल्याशा नायकाकडे चाकरीला धाडलं. ऊन उतरल्यावर खातूननं ओयुनच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझ्या नवऱ्यावर माझा राग नाही गं. देवमाणूस होता. कुणीतरी कान भरले त्याचे. तुला काही बोलला होता का, कोण ते?"

"नाही, खातून."

"तुला आधी कळलं असतं तर तू अडवलं असतंस."

"माझं कुठं ऐकायचे ते," ओयुन म्हणाली.

खातूननं अंगरख्यात जपलेलं वाळलेलं दही काढलं, तोडलं आणि मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. ओयुननं तो खाल्ला. भूक लागली होती.