अक्काचा मोगरा आणि फोकसकाकांचा उजेड

फोकसकाकांना झाडांतलं काही कळत नाही, ही गोष्ट त्यांना स्वतःला सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

माणसाची उभी हयात नाटकाच्या दिव्यांत गेलेली. नट रडायचा तो खाली, रंगमंचावर. पण त्याच्या गालावरचा थेंब शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायचा तो काकांमुळे. वर लोखंडी शिडीवर घामाने निथळत, तापलेल्या दिव्याची मूठ फडक्यात धरून ते नटाच्या पावलाबरोबर उजेड सरकवत न्यायचे. टाळ्या खाली पडायच्या. काका त्या वरून ऐकायचे, बाहीने कपाळ पुसायचे आणि पुढच्या प्रवेशाच्या तयारीला लागायचे. कुणा नायिकेने लाडाने ‘ए फोकस’ अशी हाक मारली आणि ती जन्माची चिकटली. केस पिकल्यावर तिच्यामागे ‘काका’ लागलं, एवढाच काय तो मान.

दिवे उतरवून ठेवल्यावर जायचं कुठे? लग्न राहूनच गेलं होतं. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक. ती उचलून ते थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या दारात उभे राहिले. अक्काने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, “चपला बाहेर काढ. जेवलास?” झालं, एवढ्यावर स्वागत उरकलं.

अक्काचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, त्यापुढे फरसबंदी अंगण. वाऱ्याबरोबर मीठ यायचं आणि खिडकीच्या गजांपासून दाराच्या बिजागऱ्यांपर्यंत सगळं खात बसायचं. नळाला पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात तेही करंगळीएवढ्या धारेने. गच्चीवर टाकी एकच, ती मागच्या घरातल्या टेलरबाईंच्यात आणि अक्काच्यात मिळून.

अशा जागी अक्काने बाग फुलवली होती. तिच्या हाताखालून पाण्याचा थेंब दोनदा राबल्याशिवाय सुटत नसे. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, फडकी पिळलेलं पाणी झाडांना. प्रत्येक कुंडीत मातीवर वाळक्या पानांचं पांघरूण. म्हणायची, “आपण दुपारी उघड्या डोक्याने फिरतो का? मग मातीने का फिरावं?”

पण तिची मांडणी काकांना बघवत नसे. फाटकाशी, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडते, तिथे कोरफड, सदाफुली आणि चिनी गुलाबाचं बारकं प्रजाजन. बोगनवेल एकीकडे भिंतीला टेकलेली, जशी काही ती कुणाच्या ओळखीची नाही. आणि बागेची राणी, मोगरा, मागे धुण्याच्या दगडाशेजारी, अर्ध्या कापलेल्या काळ्या ड्रमात!

“अक्का, हिरोइनला मोरीशेजारी उभं केलंयस तू.”

“हिरोइनला पाणी लागतं. टाळ्या तुझ्या नटांना.”

मोगऱ्यावर अक्काचा जीव होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून जगभराच्या माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या आवारातल्या मोगऱ्यापाशी जाऊन गप्प बसायची. पुढे ती इमारत पाडली. मजूर भिंतीला हात घालणार त्याआधी अक्काने एक फांदी मोडून पदराखाली घातली आणि बसमध्ये उभ्याने घरी आणली. त्या फांदीचा हा मोगरा.

मग अक्काचा गुडघा हट्टाला पेटला. ऑपरेशन ठरलं. न्यायला तिची लेक आली, लांबच्या शहरातून, गाडी घेऊन. पिशव्या गाडीत ठेवता ठेवता ती काकांना म्हणाली, “मामा, मी म्हणते, आईने आता माझ्याकडेच राहावं. या पायऱ्या, हे खारं वारं, हे एक दिवसाआड पाणी. आहे काय इथे?”

अक्का गाडीत बसत होती. पाय आत घेता घेता ती म्हणाली, “मोगरा आहे.”

गाडी वळणाआड गेली. काका फाटकाशीच उभे राहिले. ‘आहे काय इथे’ याचं उत्तर मोगरा. म्हणजे अक्का परत येणार ती मोगऱ्यासाठी. मोगरा राहिला तर अक्का. नाहीतर या दोन खोल्यांत एक म्हातारा आणि त्याची ट्रंक. आपलं नाव त्या उत्तरात नव्हतं याचा त्यांना राग आला नाही. नाटकाच्या जाहिरातीतही ते कधी नसायचंच.

त्यांनी मनाशी ठरवलं की मोगरा नुसता जगवायचा नाही, असा फुलवायचा की गाडीतून उतरतानाच अक्काचे डोळे दिपले पाहिजेत.

आणि सगळा घोळ तिथे झाला.

आधी त्यांनी अंगणाच्या भिंतीला चुना मारला, पांढराशुभ्र. म्हणजे मागचा पडदा झाला. मग कुंड्या हलवल्या. उंच झाडं मागे, बुटकी पुढे, रंग दोन्ही बाजूंना. आणि मधोमध, चुन्याच्या भिंतीसमोर, पोत्यावर चढवून ओढत ओढत आणलेला मोगऱ्याचा ड्रम. व्हरांड्यात खुर्ची टाकून ते बसले. वाहवा! तिसऱ्या घंटेनंतर पडदा सरकावा तसं दृश्य होतं.

टेलरबाई धुणं वाळत घालायला आल्या होत्या, त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “काका, बाग आहे का सेट?”

“दोन्ही!”

“तिकिटं कधी लावताय?”

मोगऱ्याने पहिले काही दिवस भूमिका सांभाळली. मग पानं पिवळी पडू लागली. पिवळ्याच्या कडा तपकिरी झाल्या, कागद चुलीजवळ धरल्यासारख्या. काकांना वाटलं तहान लागली. त्यांनी पाणी घातलं. पानं आणखी माना टाकू लागली, तसं त्यांनी आणखी घातलं. सकाळी घातलं, भर दुपारीही घातलं. ड्रमाला हात लावला तर चटका बसायचा. माती वरून चिखल आणि आत रटरट.

आणि एके सकाळी टेलरबाई रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“काका, तुमच्या नाटकात पूर आणायचा आहे का?”

“का हो?”

“टाकीचा तळ दिसतोय. माझ्याकडे कप विसळायला पाणी नाही. गिऱ्हाईक आलं तर चहाऐवजी काय, दोरा-सुई देऊ?”

काकांचा चेहरा उतरला. घरातली भरलेली कळशी त्यांनी मुकाट्याने बाईंच्या बादलीत ओतली. मग त्यांना राहवेना. पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. “मोगरा गेला, तर अक्का येत नाही बघा, टेलरबाई.”

“काहीतरीच! तुमच्यासाठी नाही का येणार?”

“माझ्यासाठी कशाला येईल? मला काय फुलं येतात?”

 तेवढ्यात फोन वाजला. भाचीचा, तोही तोंड दिसणारा. ऑपरेशन छान झालं होतं. अक्का उशीला टेकून बसली होती.

“मोगरा दाखव,” ती म्हणाली.

“आत्ता? आत्ता ऊन फार आहे. संध्याकाळी दाखवतो.”

संध्याकाळपर्यंत थांबवलं खरं, पण दाखवायचं काय? काका मोगऱ्याभोवती फिरले. एका अंगाला अजून हिरवी पानं होती, थोडी. त्यांच्यातला जुना उजेडवाला जागा झाला. ज्या माणसाने साठीच्या नटाला विशीतला प्रियकर करून दाखवला, त्याला एक झाड का जड जावं? त्यांनी ड्रम फिरवून हिरवी बाजू पुढे घेतली. जळकी फांदी टेलरबाईंनी ओढणीच्या तुकड्याने मागे बांधली. मग काकांनी स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट आणलं आणि बाईंच्या हाती दिलं. “इथे धरा. जरा खाली. हां, आता उजेड पानांवर टाका. हलू नका.”

“माझा हात भरून आला.”

“नटी अर्धा तास मरून पडायची हो, तुम्ही ताट धरू शकत नाही?”

फोन लागला. अक्का बघत राहिली. बराच वेळ.

“छान दिसतोय,” ती म्हणाली. “जरा जास्तच छान दिसतोय.”

“मग! आहेच तसा.”

“बरं,” अक्का म्हणाली, आणि फोन भाचीकडे गेला. भाची म्हणाली, “मामा, आई इथे अगदी रमली आहे हं.”

रमली आहे. काकांनी फोन खिशात टाकला. प्रयोग रंगला होता. आधारासाठी त्यांनी मागे हात टेकला, तो चुन्याच्या भिंतीवर. आणि झटकन काढून घेतला. सूर्य कलला होता तरी भिंत भाजत होती.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग टेलरबाईंच्या हातातल्या ताटाकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

“अरे देवा,” ते म्हणाले. “हे केवढं ताट उभं केलंय मी तिच्यामागे!”

जी गोष्ट त्यांनी प्रत्येक नव्या पोराला शिडीवर शिकवली, ती त्यांना अंगणात सुचली नव्हती: पुढून दिवा आणि मागूनही दिवा मारला, तर नटाचा चेहराच उरत नाही. वरून सूर्य, मागून पांढरी भिंत, पायाखाली काळा तापलेला ड्रम आणि त्यात उकळलेलं पाणी. तहान कसली, पोरगी होरपळत होती! सगळं आयुष्य उजेडाने माणसं उभी केली, आणि आता उजेडानेच झाड मारायला काढलं होतं.

“परत जागेवर न्यायला हवं. सगळंच,” ते म्हणाले.

“कुठली कुंडी कुठे होती, आठवतंय का?”

नव्हतं आठवत. पण काकांनी खाली पाहिलं. फरशीवर इतक्या वर्षांच्या कुंड्यांची गोल वळं उमटलेली होती, लहान-मोठी, ओलाव्याने काळपटलेली. नटाने कुठे उभं राहायचं त्याच्या खडूच्या खुणा असतात ना रंगमंचावर, अगदी तशाच. काका खुणेवर कुंडी ठेवत गेले, आणि ठेवता ठेवता त्यांना अक्काची मांडणी दिसू लागली. जी झाडं पाण्यासाठी रडतात ती दगडाजवळ, जी थोडक्यात भागवतात ती मधे, आणि ज्यांना मीठ, वारा, ऊन काही बाधत नाही ते शिपाई फाटकाशी. अक्काने प्रेक्षकांचा विचारच केला नव्हता. ती प्रत्येकाची ज्याच्या त्याच्याशी लाइन जोडून मोकळी झाली होती, एक्स्चेंजमध्ये जोडायची तशी.

मोगरा धुण्याच्या दगडाशेजारी परतला. तिथे सकाळभर ऊन आणि दुपारनंतर घराची सावली. काकांनी जळक्या फांद्या कापल्या.  उरले ते काड्यांचे खुंट. ड्रमाला त्यांनी पोतं गुंडाळलं, मातीवर वाळकी पानं आणि काथ्या पसरला. टेलरबाईंनी एक जुनं मडकं दिलं. ते मातीत गळ्यापर्यंत पुरून काका रोज त्यात भाजी धुतलेलं पाणी भरत. ते बाहेर झिरपेल तेवढंच, मोगऱ्याने घ्यावं तेवढंच. वरून एक थेंब नाही.

पुढचे दिवस काकांना नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगासारखे गेले. दारात गाडी थांबली की ते आधी मोगऱ्याकडे धावत. अक्काचा फोन आला की ते आपणहून गुडघ्याची चौकशी लांबवत. गंमत म्हणजे अक्काही मोगऱ्याचं नाव काढत नव्हती. तेच त्यांना जास्त लागत होतं. विसरली वाटतं. रमली वाटतं.

आणि एका सकाळी पाणी भरायला वाकलेले काका वाकलेलेच राहिले. खुंटांच्या काखेतून कोवळे, चकचकीत, पोपटी धुमारे फुटले होते. चष्मा पुसून पाहिलं. एका धुमाऱ्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. काका तिथेच धुण्याच्या दगडावर बसले. 

“टेलरबाई!” त्यांनी अशी आरोळी ठोकली की बाई शिवणयंत्र चालू ठेवून धावत आल्या.

अक्का आली तेव्हा कळ्या तांदळाएवढ्या झाल्या होत्या. न कळवता आली. हातात काठी, मागे हताश चेहऱ्याची लेक. फाटकापासून तिने चुन्याची भिंत पाहिली, एकदा काकांकडे पाहिलं, आणि काठी टेकत सरळ मागे गेली.

“कापलास?”

“जळला होता, अक्का. माझ्यामुळे.” आणि काकांनी भिंतीपासून ताटापर्यंत सगळं सांगितलं.

“माहीत आहे. धुण्याच्या दगडापाशी संध्याकाळी कधी असला उजेड पडतो का? आणि पानांच्या मागून टेलरबाईंचं कोपर दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू घाबरून आणखी काहीतरी केलं असतंस.”

 काका हळूच म्हणाले, “म्हणजे मोगरा गेला असं धरूनच तू आलीस?”

अक्काने काठी दगडाला टेकवून ठेवली. लेकच म्हणाली, “मी हात जोडले, मामा. राहा म्हटलं. ऐकत नाही.”

“राहून करायचं काय?” अक्का फणकारली. “तिकडे नळ सोडला की पाणी येतं. दिवसभर येतं! माणसाला काही डोकं चालवायला नको.” तिने वाकून पोत्याची गाठ चाचपली, मडक्यात बोट बुडवून पाहिलं आणि हूं केलं. मग काकांकडे न बघता म्हणाली, “आणि हा इथे एकटा काय दिवे लावतोय, ते कुणी बघायचं?”

 काका खुर्ची आणायला आत धावले, आणली, आणि अक्काशेजारी हात बांधून उभे राहिले.

“सरक जरा,” अक्का म्हणाली. “हिरोइनच्या उजेडात उभा आहेस.”