पाला घालणारी बाई

माझी मावशी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मदतनीस होती. कागदावर तिचं काम बरण्या धुण्याचं. खरं काम अळ्यांचं. कण्हेरीवर हॉक मॉथ नावाचा मोठा हिरवा पतंग अंडी घालतो. त्यातून निघणारी अळी बोटाएवढी जाड होते आणि पाठीवर, डोक्यामागे, दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके असतात. ते डोळे नव्हेतच, नुसती भीती घालायची सोय. मावशी म्हणायची, "देवानं दुबळ्यालाही वटारायला काहीतरी दिलंय बघ."

एकवीस वर्षं तिनं त्या वाढवल्या. कधी कात टाकणार, कधी खाणं सोडणार, सगळं वहीत टिपलेलं. त्या वहीवरून विभागप्रमुख सरांनी पुस्तक काढलं. प्रकाशनाला कुणीतरी विचारलं, अळ्या सांभाळतं कोण? सर हसून म्हणाले, "आहेत ना बाई, पाला घालतात." मावशी मागे कप गोळा करत होती. त्या दिवशी तिनं मनात गाठ मारली.

ती निवृत्त झाली. वर्षभरानं सरांनी कॉलेजात येणाऱ्या पाहुण्यांसाठी जिवंत अळ्या मांडायचं ठरवलं. चार दिवस आधी त्यांचा फोन आला. मी शेजारीच भाजी निवडत होते.

"बाई, अळ्या तपकिरी पडल्यात. खात नाहीत, पेटीभर सैरावैरा पळतायत. काय करू?"

कोष करायची वेळ झाली की अळी असंच करते. खाली उतरून माती, पाचोळा शोधते. सरांच्या पेटीला तळालाही काच. मूठभर माती पुरली असती.

"पाला घाला, सर. ताजा, भरपूर."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं मावशी, मरतील ना त्या!"

"मरतील. चारचौघांसमोर मरू देत."

तसंच झालं. हिरव्यागार पाल्यावर काळ्या पडलेल्या तेवीस अळ्या. एका पाहुण्या बाईंनी सरांचंच पुस्तक उघडून मातीबद्दलचा उतारा मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

सरांचा फोन आला. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," म्हणून तिनं फोन ठेवला आणि पोटभर जेवली.

संध्याकाळी मात्र देवापुढे बराच वेळ बसली. मी विचारलं, "सरांसाठी क्षमा मागतेस?"

"त्यांना तोंड आहे, ते मागतील. मी त्या तेवीस जणींची मागतेय."