म्हाताऱ्या देवाचं बेट

दादा गेल्याचा निरोप शेजारच्या दवाखान्यातल्या फोनवर आला. त्याला आता महिना होऊन गेला. तरी अजून दुपारी कुणी पेढीचा जिना चढलं, की मी दाराकडं बघतो...

शांतिनाथदादा माझा थोरला भाऊ. शाहूपुरीत आमच्या आप्पांची गुळाची पेढी. थोरल्यानं तिथं गादीवर बसायचं, हे दादाच्या जन्माआधीच ठरलेलं. त्यानं मात्र कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी धरली आणि राजारामपुरीत खोली घेतली. आप्पा एवढंच म्हणाले, "मला थोरला न्हाय." त्यानंतर कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आप्पांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हा दादा न बोलावता आला आणि रोज संध्याकाळी उशाशी बसू लागला. एकदा आप्पांनीच जड जिभेनं विचारलं, "पोरास्नी शिकवतोस तरी काय?" त्या दिवसांत दादा ग्रीक देवांच्या लढाया शिकवत होता. त्यानं त्या सांगितल्या. आकाशदेवानं आपली पोरं धरणीच्या पोटात कोंडली. त्यातल्या धाकट्यानं, क्रोनसनं, बापाला पाडलं. मग आपलंही पोरगं आपल्याला पाडेल, या धास्तीनं क्रोनस आपली लेकरं जन्मताच गिळू लागला. आईनं लपवलेला झ्यूस तेवढा वाचला. मोठा झाल्यावर त्यानं भावंडं सोडवली, बापाशी वर्षानुवर्षं लढला आणि शेवटी त्याला पाताळात कोंडलं.

आप्पांनी मान त्याच्याकडं वळवली. "म्हंजे मी गिळणारा म्हण की."

"मी तरी कुठं लढलो, आप्पा? मी पळून गेलतो."

"त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

"काहीजण सांगतात, पोरानं त्याला सोडवलं. लांबच्या एका सुखाच्या बेटावर राजा केलं."

"व्हय?" आप्पांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं. "मग त्येच खरं."

आप्पांनंतर पेढी मी चालवली. दादाची पद्मजा एम.ए. झाली, तिनं पुण्याला जाऊन संशोधन करावं, ही दादाची इच्छा. पोरगी म्हणाली, "मला काकांसंगं पेढीवर बसायचंय." दादा एवढा भडकला, की तिच्याबरोबर जेवायला बसेना. मग एका सकाळी चहा पिता पिता एकटाच हसला. "मीही गिळायलाच निघालो होतो की रे," म्हणाला, आणि तिला स्वतः पेढीवर घेऊन आला. निवृत्त झाल्यावर तर रोज दुपारी तिथंच असायचा, गुळाच्या वासात, लेकीशेजारच्या खुर्चीवर.

परवा मुरगूडचे एक शेतकरी आले आणि पद्मजाच्या बाजूच्या खुर्चीवर टेकू लागले. ती पटकन उठली.

"पावणं, तिथं नको," म्हणाली. "हिकडं माझ्या गादीवर बसा की."

आणि सगळा व्यवहार तिनं उभ्यानं केला.