फिल्ममधले हात

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. पिस्कॅटवे, न्यू जर्सी. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. डिशवॉशरवाला येऊन गेला. पाइप तुंबला होता. निधीचा फोन आला. म्युझियमला कंपनीची जुनी फिल्म सापडली, ती साफ करून झाली, उद्या दाखवायला आणते म्हणाली. बाळभाऊजींनाही जेवायला बोलावले आहे. मन ठिकाणावर नाही.

शेवटचं वाक्य लिहून शोभनाताई थबकल्या. आधी घडलेलं लिहावं, वाटलेलं मागाहून, आणि तेही गरजेपुरतं, ही पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिस्त. एकसष्ट वर्षांच्या डायऱ्यांत मनाला जागा अशी फारशी मिळाली नव्हती. पण ही फिल्म म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

त्यांचे यजमान पुरुषोत्तम नानिवडेकर विजेची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत टर्बाइन विभागात इंजिनिअर होते. त्या काळी अशा कंपन्या स्वतःच्या फिल्म काढत. शाळांत, क्लबांत दाखवत, रविवारी दुपारी टीव्हीवरही लावत. सगळ्यांचा सूर एकच: कारखाना विजेवर चालला की देश पुढे, आणि घर विजेवर चाललं की बाई सुखी. १९७१ सालच्या या फिल्ममध्ये धरण होतं, गरगरणारं टर्बाइन होतं, मैलोन्‌मैल तारा होत्या आणि शेवटी विजेच्या शेगडीपाशी उभी असलेली, साडीतली शोभना. मग तिचे हात, तवा आणि टम्म फुगलेली पोळी. फिल्म टीव्हीवर लागली आणि न्यू जर्सीपासून शिकागोपर्यंतच्या मराठी घरांत शोभनाच्या पोळ्यांचा डंका वाजला. पुढे पुढे तर लग्न होऊन नवी आलेली मुलगी पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे पोळ्या शिकायला पाठवली जाई.

शनिवारी अकराला निधी आली. ही त्यांची नात, म्युझियमसाठी जुन्या फिल्म दुरुस्त करणारी. पाठोपाठ बाळभाऊजी काठी टेकत आले. ते पुरुषोत्तमांचे कॉलेजपासूनचे मित्र. निधीनं फिल्म टीव्हीवर लावली आणि हातांपाशी थांबवली.

"आजी, धिस इज द शॉट! प्रदर्शनाचं नावच ठेवलंय, 'माझ्या आजीचे हात'. सोमवारी बोर्ड प्रिंटला जातोय. तू फक्त दोन मिनिटं बोल, मी रेकॉर्ड करते."

"बोला वहिनी, बोला," बाळभाऊजी म्हणाले. "या हातांनी मला अमेरिकेत टिकवलं. नाहीतर ब्रेड चावून चावून मी केव्हाच परतीचं विमान धरलं असतं!"

शोभनाताई पडद्याकडे बघत राहिल्या. आता 'हो' म्हटलं की ते भिंतीवर छापलं जाणार, त्यांच्यामागेही राहणार. आणि 'नाही' म्हटलं तर पोरीची मेहनत पाण्यात, शिवाय पन्नास वर्षांचा मान गेला तो वेगळाच.

निधीनं बटण दाबलं. "रेडी?"

"निधी," त्या म्हणाल्या, "ते हात माझे नाहीत."

"म्हणजे?"

"आजोबांचे आहेत."

बाळभाऊजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

"मला पोळी येत कुठे होती गं? कॉन्व्हेंटात पियानो शिकवला, भरतकाम शिकवलं. त्या दिवशी स्टुडिओत माझी पहिली पोळी श्रीलंका, दुसरी ऑस्ट्रेलिया. डायरेक्टर बिचारा सभ्य, नुसता घाम पुसत होता. लंच ब्रेकमध्ये हे बघायला आले. सहा वर्षं एकट्यानं राहून स्वयंपाक केलेला माणूस. कोट काढला, वॉशरूममध्ये मनगटांवरचे केस काढले, साबण लावून माझ्या बांगड्या चढवल्या आणि लागले की लाटायला!"

"ओ माय गॉड!" निधी हसून लोळायच्या बेतात आली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगलीला त्यांच्या आईला कळलं असतं तर? मुलगा अमेरिकेत जाऊन बायकोसाठी पोळ्या लाटतो! आई आहे तोवर बोलायचं नाही, असं वचन घेतलं त्यांनी."

"अहो, पण त्याची आई जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली!" बाळभाऊजी म्हणाले.

शोभनाताईंनी पदर सारखा केला. "तोवर मला कौतुकाची सवय लागली होती, भाऊजी. आणि हे म्हणायचे, असू दे तुझ्याच नावावर."

"आजी, म्युझियमला सोर्स लागतो पण. प्रूफ."

त्या उठल्या, कपाटातून १९७१ची डायरी काढली आणि चष्मा लावून वाचू लागल्या. "१८ मार्च, गुरुवार. बर्फ. शूटिंग नऊ ते पाच. पोळ्या ह्यांनी केल्या, सतरा. बांगड्या सहा घातल्या, काढताना दोन फुटल्या. बोटाला टिंक्चर लावले."

निधीनं त्या पानाचा फोटो काढला. "कंपनी म्हणते, शेगडी मॉडर्न. अरे, शेगडीमागचा माणूस मॉडर्न होता! मी आत्ता बोर्ड बदलते." फोनवर टाइप करत ती मोठ्यानं म्हणाली, "पोळ्या: पुरुषोत्तम नानिवडेकर, टर्बाइन विभाग."

शोभनाताईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसून हसल्या.

"थांबा, थांबा," बाळभाऊजी अस्वस्थ झाले. "म्हणजे मी इतकी वर्षं पुरुषाच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या?"

"पहिली दोन वर्षं. पुढच्या माझ्या. त्यांनीच शिकवल्या."

"आणि आजच्या?"

"आजच्या तुम्ही लाटणार. नव्वदीला आलात, कधी सुरुवात करणार? हात धुऊन या."

त्या संध्याकाळी डायरीत शेवटची ओळ पडली: पोळ्या बाळभाऊजींनी केल्या, चौदा. अकरा संपल्या, तीन डब्यात आहेत.